आधी हेतू ठरवा, आराखडा मग



मागच्या महिन्यात एका गावी बैठकीला गेलो होतो. गावाने शेतकरी उत्पादक कंपनी काढायचे ठरवलेले. समोर जाडजूड प्रकल्प अहवाल. जिनिंग, गोदाम, ट्रक, सगळ्यांचे आकडे तयार. मी विचारले, हे सगळे कशासाठी? एक म्हणाला, जिनिंगसाठी. दुसरा म्हणाला, ज्वारी ठेवायला. तिसरा खरे बोलला, "अनुदान आहे म्हणून."

२०२० साली केंद्राने दहा हजार कंपन्यांची योजना काढली; तीन वर्षांच्या खर्चाला कंपनीमागे १८ लाखांपर्यंत मदत. पैसा आधी दिसला की हेतू मागून चिकटवावा लागतो.

आपण हे एकदा भोगले आहे. कापूस एकाधिकार खरेदी १९७२ च्या हंगामात सुरू झाली. शेतकऱ्याला रास्त भाव, गिरण्यांना प्रतवारीचा माल, मधला दलाल बाद, असे सारे एकाच योजनेत कोंबले. पण भाव आणि गिरणी यांची ओढाताण झाली तर कोणाची बाजू घ्यायची? ते ठरलेच नव्हते. मग शेजारच्या राज्यात भाव चढला की आपल्या बैलगाड्या सीमेवर अडवल्या जात. १९८४ साली कापूस उत्पादकांचा वेगळा पणन महासंघ झाला, नाव उत्पादकांचे, भाव मात्र मंत्रालयात ठरायचा. चुकारे हप्त्याहप्त्याने, पट्टीतून भांडवल निधीची कपात. मालक कोण, हा प्रश्न केंद्रावर रांगेत रात्र काढणाऱ्याला विचारा.

त्या गावचा हिशेब तिथेच मांडला. ३०० सभासद, प्रत्येकी तीन एकर कोरडवाहू कापूस, एकरी पाच क्विंटल धरा. सगळा माल आला तर ४५०० क्विंटल. १७० किलोच्या एका गाठीला साधारण पाच क्विंटल कापूस लागतो, म्हणजे ९०० गाठी. एवढ्यावर कर्जाचे व्याज निघेल? रुई-सरकी वेगळी विकणे हाच हेतू असेल तर दुसऱ्याच्या जिनिंगवर मजुरी देऊन ती काढून घेता येते. आणि दुखणे मापातल्या चोरीचे, ओलाव्याच्या नावाने होणाऱ्या कपातीचे असेल, तर वजनकाटा आणि ओलावा मोजायचे यंत्र पुरे. सीसीआय आठ टक्के ओलावा धरून भाव देते, बारावर माल घेत नाही. घरीच मोजून नेला तर गाडी परत येणार नाही.

आता कारभाराचे. २००२ च्या कायद्याने उत्पादक कंपनीत शेअर कितीही असोत, व्यक्ती-सभासदाला मत एकच. चांगले आहे. पण मत पडते सर्वसाधारण सभेत, आणि व्यापारी रोख पैसे घेऊन दारात येतो दिवाळीच्या तोंडावर. त्या दिवशी सभासदाने बाहेर विकले तर चालेल का? संचालकानेच विकले तर? चेकवर सह्या कोणाच्या? गावात याचे उत्तर कोणाकडे नव्हते. अहवालातही नव्हते.

जिल्हा बैठकीला येताना जाड अहवाल आणू नका. अर्ध्या कागदावर लिहून आणा : आम्हाला काय हवे, आणि नाही म्हणायचा अधिकार कोणाला. त्या गावाला पुढच्या अमावस्येपर्यंतची मुदत दिली आहे.