दोन रात्रींसाठी पाच तारे

शुक्रवारी संध्याकाळी ट्रेलर जोडून निघायचं आणि रविवारी दुपारी परत यायचं, एवढ्या सहलीसाठी आपली मंडळी ज्या पद्धतीने कॅम्पग्राउंड निवडतात ती पद्धत साफ चुकीची आहे. ती महागडी आहे हा त्यातला सगळ्यात लहान दोष. तिच्यामुळे सहलीचा निम्मा वेळ रस्त्यावर जातो, ज्यांना जागेची खरी गरज आहे त्यांची जागा अडते, आणि सार्वजनिक कॅम्पग्राउंड नावाची जी फार चांगली गोष्ट या देशाने उभी केली तिची कदर करणारे कमी होत जातात. मी टेक्ससमध्ये ऑस्टिनजवळ राहतो, एकवीस फुटी ट्रेलर बाळगतो, आणि हे सगळं आजूबाजूला दर वीकेंडला बघतो.

ही पद्धत काय आहे? आधी चार-पाच तारे मिळालेल्या जागांची यादी काढायची. मग 'फुल हूकअप' म्हणजे वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी नसलेल्या जागा खोडायच्या. उरलेल्यांतून ज्याचे फोटो सर्वात देखणे ते निवडायचं. या गाळणीतून घरापासून तासाभरावरचं एकही ठिकाण खाली पडत नाही, हे लक्षात घ्या. पडतं ते अडीचशे मैलांवरचं काहीतरी, नाहीतर बिग बेंड. बिग बेंड अप्रतिम आहे, वादच नाही. पण ऑस्टिनहून ते साडेचारशे मैलांच्या आसपास आहे, आणि तिथल्या चिसोस बेसिनच्या वळणावळणाच्या रस्त्यावर वीस फुटांपेक्षा लांब ट्रेलर आणू नका असं खुद्द नॅशनल पार्क सर्व्हिसच सांगते. तिथे जायला आठवडा काढावा. दोन रात्रींत ते उरकणं म्हणजे पंढरपूरला जाऊन नुसतं कळसदर्शन करून परत फिरणं.

ट्रेलरवाल्यांमध्ये 'तीन-तीन-तीन' असा एक नियम प्रसिद्ध आहे: दिवसाला तीनशे मैलांहून जास्त जाऊ नये, दुपारी तीनच्या आत पोचावं, तीन रात्री राहावं. लांबच्या प्रवासाला तो ठीक आहे. नोकरी करून शुक्रवारी निघणाऱ्याला तो निरुपयोगी आहे. ट्रेलरच्या टायरवर 'एसटी' ही अक्षरं असतात, आणि आपल्या लाल डब्याची आठवण ठेवूनच गाडी चालवावी लागते. यातल्या बऱ्याच टायरांची मर्यादा ताशी पासष्ट मैल असते. डिसेंबरात साडेपाचला अंधार पडतो. अंधारात, झाडांच्या मधून, मागे उभ्या जोडीदाराचे हातवारे दिसत नसताना ट्रेलर उलटा घालणं हा संसाराच्या परीक्षेचा उत्तम मार्ग आहे, विश्रांतीचा नाही. म्हणून माझा नियम साठ मैलांचा.

आता फुल हूकअपचं बघू. माझ्या ट्रेलरमध्ये चाळीस गॅलन स्वच्छ पाणी मावतं. न्हाणी-भांड्यांच्या पाण्याची टाकी तीस गॅलनची आणि संडासाची तीस गॅलनची. दोन माणसं दोन रात्रींत यातली एकही टाकी भरू शकत नाहीत, जरा भान ठेवलं तर. पुण्यात नळ जायच्या आत पिंप आणि कळशा भरून ठेवत वाढलेल्या माणसांना हे भान शिकवायला लागू नये. रविवारी निघताना डंप स्टेशनवर पंधरा मिनिटं थांबलं की काम झालं. म्हणजे सांडपाण्याच्या ज्या पाइपासाठी आपण चांगल्या जागांवर काट मारतो, त्या पाइपाची आपल्याला गरजच नसते. विजेची असते. टेक्ससच्या उन्हाळ्यात तीस अँपिअरच्या जोडणीशिवाय एसी चालत नाही, आणि एसीशिवाय पत्र्याच्या खोक्यात झोपा असं मी कोणाला सांगणार नाही. पण वीज आणि पाणी असलेल्या सरकारी साइट भरपूर आहेत.

माझ्या उत्तरेला सान गॅब्रिएलच्या खोऱ्यात आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सने बांधलेली दोन धरणं आहेत. लेक जॉर्जटाउनवर जिम हॉग आणि सीडर ब्रेक्स, लेक ग्रेंजरवर विलिस क्रीक आणि टेलर पार्क. ग्रेंजरचा तलाव फोटोत काही खास दिसत नाही. काळ्या मातीचा सपाट मुलूख, गढूळ पाणी, मासे धरणारी माणसं. आपल्या विदर्भातल्या एखाद्या तलावाकाठी बसल्यासारखं वाटतं, आणि दोन दिवसांत एवढंच हवं असतं. बासष्ट वर्षं ओलांडलेल्या नागरिकाकडे किंवा ग्रीनकार्डधारकाकडे 'सीनियर पास' असेल तर कोअरच्या जागांचं भाडं निम्मं होतं. पण या जागा 'रिझॉर्ट' नाहीत, म्हणून आपल्या ग्रुपमध्ये त्यांचं नाव निघत नाही.

जी नावं निघतात, त्यांतल्या अनेक खाजगी पार्कांत दहा वर्षांचा नियम असतो: तुमचा ट्रेलर दहा वर्षांपेक्षा जुना असेल तर आत यायचं नाही, किंवा आधी फोटो पाठवून परवानगी घ्यायची. मालकाची जमीन, मालकाचे नियम, मान्य. मला आक्षेप आहे तो आपण त्याला 'चांगलं पब्लिक' म्हणतो याला. ज्या समाजाने चाळीच्या आणि सोसायटीच्या पाट्यांवर एवढे विनोद केले, त्याने सेकंडहँड ट्रेलरवाल्या सुताराला फाटकाबाहेर ठेवणाऱ्या नियमाला तारे द्यावेत?

सार्वजनिक कॅम्पग्राउंडची कल्पना याच्या उलट आहे. आज आपण गोल रस्ता, त्याला फुटलेल्या आखूड फांद्या, प्रत्येक फांदीवर एक टेबल आणि एक चूल, हे सगळं गृहीत धरतो. ती रचना सुचवली ई. पी. माइनेके या वनस्पतिरोगतज्ज्ञाने, १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला. मोटारी वाटेल तिथे घुसून माती दाबतात आणि झाडांची मुळं गुदमरतात हे त्याने पाहिलं होतं. मोटारीला एक ठरलेली जागा द्या, म्हणजे झाड वाचेल, असा साधा हिशोब. १९३३ ते १९४२ या काळात सिव्हिलियन कॉन्झर्वेशन कोअरमधल्या बेकार तरुणांनी देशभर अशा जागा उभ्या केल्या. ऑस्टिनजवळचं बॅस्ट्रॉप स्टेट पार्क त्यांच्याच हातचं. आपल्याकडच्या धर्मशाळेशी याचं नातं आहे: दोन दिवस राहा, जागा झाडून पुढच्याला द्या.

आणि इथेच आपली दुसरी खोड येते. टेक्सस स्टेट पार्कांचं आरक्षण पाच महिने आधी उघडतं, केंद्र सरकारच्या बहुतेक जागांचं सहा महिने आधी. मग हुशार माणसं चार वीकेंड अडवून ठेवतात आणि हवामान बघून त्यातला एक वापरतात. बुडणारी रक्कम इतकी किरकोळ असते की रद्द करायचेही कष्ट घेत नाहीत. शनिवारी 'फुल' असलेल्या पार्कात रिकामी टेबलं दिसतात ती यामुळे. कॅलिफोर्नियात २०२३ साली यासाठी कायदा करावा लागला. ज्या नर्सला पुढच्या तीन आठवड्यांपलीकडची ड्यूटी माहीत नसते, तिच्या मुलांची सहल या 'प्लॅनिंग'ने खाल्लेली असते. रेल्वेच्या डब्यात रुमाल टाकून जागा धरणाऱ्यांना आपण नावं ठेवायचो. हा तोच रुमाल आहे, फक्त सहा महिने आधी टाकलेला.

या जागा कायमच्या आहेत असंही समजू नका. डॅलस आणि ह्यूस्टनच्या मधलं फेअरफील्ड लेक स्टेट पार्क १९७६पासून लोक वापरत होते. जमीन वीज कंपनीची, राज्याकडे भाडेपट्ट्याने. २०२३ साली ती जमीन बिल्डरला विकली गेली आणि पार्क बंद झालं. लोक येत नव्हते म्हणून ते गेलं असं नाही. पण त्याच वर्षी नोव्हेंबरात टेक्ससच्या मतदारांनी नव्या पार्कांच्या जमिनीसाठी एक अब्ज डॉलरचा निधी मंजूर केला. अशा जागांवर मुक्काम केलेली माणसंच त्यांच्यासाठी मत देतात आणि सभेत उभी राहतात. पाच तारेवाल्या पोहण्याच्या तलावाकाठी ती तयार होत नाहीत.

आक्षेप मला माहीत आहेत. आईवडील सोबत असतात, स्वच्छतागृह कसं असेल? ट्रेलरमध्ये स्वतःचं आहे. त्यासाठीच तर तो घेतला. खेड्यातल्या भागात आपल्यासारख्या चेहऱ्यांना सुरक्षित वाटेल का? हा प्रश्न खोटा नाही आणि मी तो हसण्यावारी नेणार नाही. पण कोअरच्या बऱ्याच कॅम्पग्राउंडना फाटक असतं, फाटकावर माणूस असतो, आणि घर जवळ असलं की नाही आवडलं तर उठून येता येतं. साठ मैलांचा हाही फायदा.

तेव्हा पुढच्या वेळी चारच गोष्टी बघा: अंतर, वीज, सावली, आणि आपल्या ट्रेलरची लांबी तिथे मावते का. एका वेळी एकच वीकेंड आरक्षित करा. जमणार नसेल तर बुधवारपर्यंत रद्द करा, म्हणजे गुरुवारी ती जागा कोणाला तरी मिळेल. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं. त्याला उतरायला राजवाडा कशाला लागतो?