रंग धरतो कसा?

फाल्गुनात बोदवडच्या बाजारात रंगाच्या पुड्या दिसल्या, की मला आजीचं पातेलं आठवतं. पळसाची फुलं रात्रभर भिजवायची, सकाळी उकळायची, की झाला केशरी रंग! पण कापड नुसतं बुडवलं तर रंग धुण्यात उतरतो. आधी तुरटीच्या पाण्यातून काढलं, तर तो बराच टिकतो. खरी मेख तीच.

पळस निदान आठवणीत तरी आहे. आल मात्र आपण विसरलोच. आल म्हणजे बारतोंडीचं झाड. त्याच्या मुळांच्या सालीतून पक्का लाल रंग निघे. त्यासाठी खान्देश-वऱ्हाडात त्याची लागवड होई. १८६८ साली जर्मनीत ग्रेब आणि लीबरमन यांनी ॲलिझरिन हा लाल रंग प्रयोगशाळेत बनवला. पुढे कारखान्यातल्या स्वस्त रंगानं आलाचा धंदा बसला. झाड राहिलं, कृती गेली.

यावल-चोपड्याच्या बाजारात सातपुड्यातल्या भिल्ल, पावरा बाया रानातला माल आणतात. आपण फक्त भाव पाडून मागतो. पुढच्या वेळी भाव न पाडता दोन गोष्टी विचारू या ना! झाडाचं नाव, सालीचा उपयोग वहीत टिपून ठेवू. आजीची कृतीही, ती आहे तोवरच.