झोपवणाऱ्यालाही झोप हवी

मैत्रिणींनो, आपलं सिझेरियन कुणी केलं, पिशवीचं ऑपरेशन कुणी केलं, त्या डॉक्टरांचं नाव आपल्याला वर्षानुवर्षं पाठ असतं. पण भूल कुणी दिली होती? बचत गटाच्या बैठकीत मी हा प्रश्न विचारला, तर एकीलाही नाव सांगता आलं नाही.

‘एक इंजेक्शन दिलं की यांचं काम संपलं’ असा आपला समज असतो. प्रत्यक्षात खरं काम तिथूनच सुरू होतं. ऑपरेशन चालू असेपर्यंत आपला श्वास, नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन यांवर भूलतज्ज्ञाची नजर असते. ऑक्सिजन काही मिनिटं जरी तुटला, तरी मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणजे डोळ्यात तेल घालून बसायचं, आणि सगळं नीट झालं की कुणाच्या लक्षातही राहायचं नाही!

अशा कामात माणूस आतून विझत जातो. याला इंग्रजीत बर्नआउट म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याची नोंद आजार म्हणून नव्हे, तर कामाच्या सततच्या ताणातून होणारा परिणाम म्हणून केली. सतत थकवा, कामाबद्दल तुटलेपण आणि ‘आपल्याकडून काही होत नाही’ ही भावना, ही त्याची तीन लक्षणं.

आमच्या पुण्यात अनेक भूलतज्ज्ञ एकाच दवाखान्यात नसतात. सकाळी कोथरूड, दुपारी हडपसर, मध्यरात्री सिंहगड रोडवर अडलेली बाळंतीण. महाराष्ट्रातले पहिले कोरोना रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यातच सापडले. एप्रिलमध्ये ससूनची अकरा मजली इमारत कोविडसाठी सुरू झाली. गुदमरणाऱ्या पेशंटच्या घशात नळी घालून व्हेंटिलेटर लावणं, हे जोखमीचं काम बरंचसं याच डॉक्टरांनी केलं. आपण थाळ्या वाजवल्या आणि पुढे विसरूनही गेलो.

निवासी डॉक्टरांना सलग १२ तासांपेक्षा आणि आठवड्याला ४८ तासांपेक्षा जास्त ड्युटी सहसा देऊ नये, असं केंद्र सरकारने १९९२ मध्येच सांगितलं होतं. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने निदान ७४ तासांची तरी मर्यादा पाळा, अशी शिफारस केली. बत्तीस वर्षांत आपण कुठे पोचलो, ते यावरून कळतंच. एसटीच्या ड्रायव्हरला डुलकी लागलेली आपल्याला चालेल का? मग इथे कशी चालते?

त्यातून ती डॉक्टर बाई असेल तर? रात्रभर जागून घरी आली, तरी गॅसपुढे तीच उभी. ‘एवढा पगार आहे, मग कसला थकवा?’ हे वाक्य आपल्यापैकीच कुणीतरी बोलतं.

आपण काय करू शकतो? पुष्कळ. मुहूर्तासाठी पहाटे तीनचं सिझेरियन मागू नका. ऑपरेशनपूर्वी भूलतज्ज्ञांना भेटा, त्यांचं नाव विचारा. दमा, बीपी, चालू औषधं, मिश्री-तंबाखू, शेवटचं कधी खाल्लं, सगळं खरं सांगा. सासूबाई समोर आहेत म्हणून मिश्री लपवू नका. त्या लपवण्याचा ताण त्यांच्यावर आणि धोका तुमच्यावर. आणि दवाखान्याच्या उद्घाटनाला पुढारी आले, तर फक्त मशिनं किती घेतली हे विचारू नका. भूलतज्ज्ञ किती आहेत, त्यांना सुट्टी कधी मिळते, हेही विचारा.

१६ ऑक्टोबर हा जागतिक भूल दिन. १८४६ मध्ये याच दिवशी बोस्टनमध्ये ईथरची भूल देऊन केलेलं ऑपरेशन जगाने पाहिलं आणि माणसाची वेदनेतून सुटका झाली. ही सुटका रोज करणाऱ्यांच्या विश्रांतीची काळजी करणं म्हणजे त्यांच्यावर उपकार नव्हेत. टेबलावर उद्या आपली लेक असणार आहे. तिच्या उशाशी बसलेला माणूस पुरेसा झोपलेला असावा, एवढंच तर आपण मागतोय.