नातवंडांची रंगपेटी, आजोबांचे पाऊल

शाळांना सुट्टी लागली, की घरोघरीच्या दिवाणखान्याचा चित्रकलेचा वर्ग होतो. आईवडील कामावर असतात. या वर्गाचे बाई किंवा गुरुजी होणे आपसूकच आजीआजोबांकडे येते. मात्र पसरलेले साहित्य कोठे व कसे ठेवावे, याचा विचार क्वचितच होतो. वैद्य म्हणून मला चित्रांपेक्षा त्याचीच चिंता अधिक वाटते.

गोल खडू पायाखाली घरंगळतो. रंगाच्या पाण्याचा पेला लवंडला, की गुळगुळीत फरशी निसरडी होते. बायफोकल चष्म्याच्या खालच्या भागातून जमीन अंधुक दिसते, त्यामुळे पायाशी पडलेला खडू आजोबांच्या नजरेस पडतच नाही. हाडे ठिसूळ झालेल्या वयात असे एक घसरणे खुब्याचे हाड मोडण्यास पुरेसे असते. म्हणून वर्ग भिंतीलगतच्या कोपऱ्यात भरवावा. शौचालयाकडे जाणाऱ्या वाटेवर मुळीच नको. चटईची कडही पायात अडकते, त्यापेक्षा जुने ठेंगणे टेबल बरे. खडू शक्यतो तिकोनी घ्यावेत, ते घरंगळत नाहीत.

मधुमेहींसाठी आणखी एक सूचना. तळपायाची संवेदना मंदावलेली असते, त्यामुळे टाचणी रुतली तरी कळत नाही. जखम चिघळल्यावर, पायमोजाला डाग दिसल्यावर दवाखान्यात आलेले रुग्ण मी पाहिले आहेत. चित्रे भिंतीवर लावायची तर चिकटपट्टी वापरावी, आणि वर्ग सुटल्यावर केर काढल्याशिवाय अनवाणी फिरू नये.

साहित्य ठेवण्याची सोय बालवाडीतील बाईंकडून शिकावी. प्रत्येक वस्तूला स्वतंत्र डबा, डब्यावर त्या वस्तूचे चित्र. अक्षरओळख नसलेले मूलही मग पसारा आवरते. श्रीखंडाचे रिकामे डबे यासाठी उत्तम. रोजचे खडू व कागद मुलाच्या हाताशी असावेत. कात्री, कर्कटक, डिंक आजीच्या कंबर ते खांदा या उंचीत, कुलपात असावेत. रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांना वाकून एकदम उठताना चक्कर येऊ शकते, आणि स्टुलावर चढणे तर नकोच.

औषधे आणि रंगसाहित्य एका खणात कधीही ठेवू नये. औषधाच्या रिकाम्या बाटलीत मणी भरून देण्याची काटकसर मला अजिबात मान्य नाही. आज मण्यांची असलेली बाटली उद्या आजोबांच्या गोळ्यांची असेल, हा भेद तीन वर्षांच्या मुलाला कसा कळावा? होमिओपॅथीच्या पांढऱ्या गोळ्या तर मण्यांसारख्याच दिसतात. टर्पेंटाइन किंवा थिनर शीतपेयाच्या बाटलीत ओतून ठेवू नये. ते मुलाने प्यायल्यास उलटी करवू नये. उलटीबरोबर ते फुप्फुसांत जाण्याचा धोका असतो. पाण्यात फुगणारे रंगीत मणी लहान मुलांच्या घरात आणूच नयेत, ते पोटात फुगून आतड्यात अडथळा निर्माण करतात.

सर्वांत घातक वस्तू मात्र दिसायला सर्वांत क्षुल्लक असते: लुकलुकणाऱ्या पेनातील वा गाणाऱ्या भेटकार्डातील बटणासारखा चपटा सेल. तो अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतच आतून गंभीर इजा करू शकतो. मूल हसतखेळत दिसले तरी वाट पाहू नये. उलटी करवू नये. एक्स-रेची सोय असलेल्या रुग्णालयात तडक न्यावे, वाहन नसल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी, आणि तशाच दुसऱ्या सेलचे वेष्टन हाताशी असल्यास डॉक्टरांना दाखवावे.