कार्ड आले, डॉक्टर कधी?

पहूरच्या बसथांब्यावर एका आजीबाईंनी पदराच्या गाठीतून आयुष्मान कार्ड काढले. "भाऊ, हे तर आलं, डॉक्टर कधी येतील?"

२०१८ च्या या योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार. पण कार्ड नाडी बघत नाही.

त्याच वर्षी जळगावात सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघाले. सरकारी महाविद्यालयांतून शिकणाऱ्यांना वर्षभराच्या सेवेचे बंधपत्र असते. बँकेत आम्हालाही बढतीसाठी खेड्यातली नेमणूक सक्तीची होती. कर्जदारांची नावे पाठ होईतो बदली यायची. आम्ही दिवसच मोजत असू. डॉक्टरांचे वेगळे काय होणार?

सक्तीने माणूस येतो, टिकत नाही. त्याला राहण्याजोगे घर द्या, हाताशी परिचारिका द्या. आणि पहूरच्याच मुलीला डॉक्टर करा. तिला बंधपत्र आजीच लिहून देईल.