दिव्यांचे पैसे कोण भरतं?

उपनगरांतल्या कितीतरी दुकानांत ‘डिझाइनिंगचा पीसी’ म्हणून जे गळ्यात मारलं जातं ती उघड फसवणूक आहे, आणि ती ज्यांना परवडत नाही त्यांचीच होते. दोन-अडीच लाख खिशात असलेला माणूस ब्रँडेड वर्कस्टेशन घेऊन मोकळा होतो. नाडला जातो तो साठ-सत्तर हजारांत मशीन बसवायला निघालेला. घाटकोपरला घरूनच इंटिरियरचे व्ह्यू काढून देणारी मुलगी, अंधेरीला सीप्झमधली नोकरी सांभाळून रात्री दागिन्यांच्या कॅडची कामं घेणारा पोरगा, बोरिवलीतला ॲनिमेशन शिकणारा विद्यार्थी. घरच्यांनी पतपेढीचं कर्ज काढून दिलेले पैसे असतात ते.

अलीकडेच घाटकोपर स्टेशनजवळच्या एका दुकानाचं कोटेशन हाती आलं. ‘आय-सेव्हन प्रोसेसर, 16 जीबी रॅम, 4 जीबी ग्राफिक कार्ड, 450 वॅट एसएमपीएस, आरजीबी कॅबिनेट.’ प्रोसेसर कितव्या पिढीचा याचा पत्ता नाही. खोदून विचारलं तेव्हा 4770 निघाला. 2013 सालचा, चार कोरचा. 2022 साली आलेला आय-थ्री 12100 सुद्धा चारच कोरचा, पण तो या जुन्या आय-सेव्हनला सहज मागे टाकतो. ग्राफिक कार्ड निघालं जीटी 730, म्हणजे 2014 चा माल, त्यावर मंद डीडीआर-थ्री मेमरी. ‘4 जीबी’ हा आकडा खरा, पण ते कार्ड रेंडरिंगच्या काहीही कामाचं नाही. गिऱ्हाइकाला आकडे कळतात आणि त्यामागचं कळत नाही, एवढ्यावरच हा धंदा उभा आहे.

त्याच दुकानातल्या एसएमपीएसचं, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याचं, लेबल मी वाचलं. वर ठसठशीत 450 वॅट. खाली 12 व्होल्टच्या रकान्यात 14 अँपिअर. प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड खरं बळ घेतात ते याच 12 व्होल्टमधून. गुणाकार करा: 168 वॅट. आरटीएक्स 3060 हे एकटं कार्ड 170 वॅटचं आहे. म्हणजे उद्या या गिऱ्हाइकाने पोट मारून चांगलं कार्ड घेतलं, तर हा डबा ते पेलणार नाही, आणि जळाला तर सोबत बोर्डही नेऊ शकतो. त्या कोटेशनमध्ये चांगल्या एसएमपीएसला पैसे उरले नव्हते, पण रंगीत दिव्यांच्या चार पंख्यांना होते.

संतापाची गोष्ट ही की काउंटरवर पहिला प्रश्न बजेटचा येतो. पहिला प्रश्न सॉफ्टवेअरचा हवा. थ्री-डीएस मॅक्सवर कोरोना रेंडरर वापरणाऱ्याला महागड्या ग्राफिक कार्डाचा रेंडरसाठी काडीचा उपयोग नाही, कारण कोरोना सगळं काम प्रोसेसरवर करतो. त्याने पैसे कोरमध्ये आणि रॅममध्ये घालावेत. लुमियन, एनस्केप किंवा ब्लेंडरचं सायकल्स वापरणाऱ्याचं गणित नेमकं उलटं: तिथे कार्ड आणि कार्डावरची मेमरी. ऑटोकॅड आणि स्केचअपचं मॉडेलिंग बहुतांशी एकाच कोरच्या वेगावर चालतं, तिथे कोरची गर्दी जमवून काही मिळत नाही. वेगवेगळी कामं करणाऱ्या तिघांच्या हातात तेच कोटेशन ठेवणारा दुकानदार आपला अडकलेला माल काढतोय.

कार्डाचं माझं मत ठाम आहे. 2023 चं आरटीएक्स 4060 वेगाला सरस आहे, पण त्यावर मेमरी 8 जीबी. 2021 चं 3060 जुनं, पण 12 जीबीचं. जड टेक्स्चरचा, फर्निचरने भरलेला हॉल 8 जीबीत मावला नाही तर रेंडर रखडतो किंवा बंदच पडतो, मग त्या वेगाला काय चाटायचंय? आणि 3060 याच नावाने 8 जीबीचंही कार्ड बाजारात आलेलं आहे, तेव्हा खोक्यावरचा आकडा स्वतःच्या डोळ्यांनी वाचा.

जुनं कार्ड घ्यायलाही माझी हरकत नाही. 15 सप्टेंबर 2022 ला इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि त्यात राबलेली कार्डं लॅमिंग्टन रोडपासून सगळीकडे पसरली. ती घ्या, पण अर्धा तास पूर्ण लोडवर चालवून बघा. ‘ऑफिस युज’ या शब्दावर विसंबू नका.

रॅमचं दुखणं वेगळं. 2025 च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी ओढून घेतली आणि भाव भडकले. अशा वेळी, जेव्हा एकेक रुपया रॅमसाठी वाचवायचा, तेव्हा पुढून काच लावलेला, हवा आत न घेणारा कॅबिनेट गिऱ्हाइकाला दाखवायची हिंमतच कशी होते? मे महिन्यात मुलुंडच्या दहा बाय दहाच्या खोलीत, जिथे घरचेही झोपलेत आणि एसी नाही, रात्रभर रेंडर लावल्यावर त्या काचेमागे प्रोसेसर तापतो, स्वतःचा वेग उतरवतो, आणि सकाळी क्लायंटला द्यायचे व्ह्यू अर्धवट राहतात. साधा जाळीचा कॅबिनेट त्याहून स्वस्त मिळतो.

काही क्लासवाले तर कोर्सच्या फीसोबतच मशीन विकतात. शिकवणाऱ्याला कुठलं सॉफ्टवेअर काय मागतं हे नक्की ठाऊक असतं, म्हणून त्यांचा अपराध मी दुकानदारापेक्षा मोठा मानतो.

‘बिल नको असेल तर 18 टक्के वाचतील’ हे ऐकलं की पोरं खूश होतात. जीएसटीचं पक्कं बिल नसेल, तर कार्ड दोन वर्षांनी गेल्यावर वॉरंटीसाठी दारोदार फिरावं लागतं. प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर बिलावर लिहून घ्या. आणि पैसे देण्याआधी आपली स्वतःची सगळ्यात जड फाइल पेनड्राइव्हवर न्या, त्याच काउंटरवर, त्याच मशीनवर रेंडर लावा आणि संपेपर्यंत तिथून हलू नका. ‘असं आम्ही करत नाही’ असं उत्तर आलं तर पुढच्या दुकानात जा.