द्राक्षाला पेला, ज्वारीला पंचनामा



वैजापूर सोडून नाशिकच्या रस्त्याला लागले, येवला मागे पडला, की विंचूर येते. तिथे सरकारने वाइन पार्क वसवला. दुसरा सांगली जिल्ह्यात पलूसला. 2001 साली द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आले, द्राक्षाच्या वाइनवरचे उत्पादन शुल्क माफ झाले आणि परवान्याची वाट मोकळी झाली. 2005 साली नाशिकच्या गंगापूर धरणाजवळ सुला कंपनीने मळ्यातच वाइन चाखण्याची खोली उघडली. मुंबईची गाडी थांबते, पाहुणा पैसे देऊन चार घोट चाखतो, आवडली तर बाटली घेऊन जातो. मळ्यातच माल, मळ्यातच गिऱ्हाईक. आडत नाही, तोलाई नाही, कटती नाही.

हे ऐकले की आपल्या बैठकीत कोणीतरी उठतो आणि म्हणतो, बागायतदारांचे हे लाड बंद करा. मला ते पटत नाही. शेजाऱ्याचे दार बंद केल्याने आपले उघडत नाही. आपण विचारायचे ते वेगळेच. मालाची चव गिऱ्हाइकाला आपल्याच रानात दाखवायची मुभा द्राक्षाला आहे, तर ज्वारीला का नाही?

आपल्याकडेही चाखण्याचा हंगाम असतो. पौष-माघात गुळभेंडीची कणसे गोवऱ्यांच्या आगटीत भाजायची, हातावर चोळायची, सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. परभणीच्या कृषी विद्यापीठाने खास हुरड्यासाठी वाण काढले. बाजारात जी ज्वारी क्विंटलने विकताना खर्च निघत नाही, तीच हुरड्याच्या ताटाला वेगळाच भाव आणते. कोरडवाहू माणसाला वरचे दोन पैसे मिळायची ही एक वाट.

आमच्या भागातल्या एका कार्यकर्त्याने गेल्या हिवाळ्यात बांधावर पत्र्याचे छप्पर टाकले, चार बाजा ठेवल्या, संडास बांधला. शहरातून माणसे येऊ लागली. तिसऱ्या रविवारी साहेबाचा माणूस आला. छप्पर शेतघर आहे का हॉटेल? शेतघर असेल तर पाहुणे कसे? हॉटेल असेल तर बिनशेती आदेश कुठे? मग ग्रामपंचायतीचा ना-हरकत, अन्नाचा परवाना, नकाशा. एक टेबल दुसऱ्याकडे बोट दाखवी, दुसरे पहिल्याकडे. फेऱ्या मारता मारता हुरडा संपला, कणसे वाळून ज्वारी झाली. पंचनामा मात्र वेळेवर झाला.

याचे मूळ 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत आहे. शेतघर म्हणजे काय, तर अवजारे, खत, माल ठेवायचा, गुरे बांधायची, घरच्या माणसांनी आणि गड्यांनी राहायचे. पिकवा आणि गप्प बसा, विकण्याची जागा दुसऱ्यांची, असा त्याचा अर्थ. कलम 42 ने बिगरशेती वापराची किल्ली जिल्हाधिकाऱ्याच्या हाती दिली. 1994 साली कलम 44अ घालून खऱ्याखुऱ्या उद्योगाला सवलत दिली. कारखाना येणार म्हटले की कायद्याला पाझर फुटतो. पुढेही दुरुस्त्या होत राहिल्या, 2020 साली कृषी पर्यटनाचे धोरणही आले. कागद वाढले. कापूस एकाधिकाराच्या काळात घरचा कापूस राज्याबाहेर नेणारा शेतकरी चोर ठरत होता, हे आपण विसरलेलो नाही. माल आपला, हुकूम त्यांचा.

आता नाशिकची दुसरी बाजूही पाहा. चाखण्याची मुभा मिळाली ती वाइनरीला, सातबाऱ्याला नव्हे. दोन एकरवाला द्राक्ष उत्पादक आपली द्राक्षे कंपनीला टनावर विकतो. 2008 नंतर मंदी आली, अनेक लहान वाइनरी अडचणीत आल्या, उठाव थांबला. तेव्हा त्याच शेतकऱ्यांनी वाइनच्या द्राक्षाचे वेल उपटून टाकले. स्वतः गाळून, स्वतः ओतून विकायची सोय असती, तर काहींचे वेल तरी वाचले असते. म्हणून तो आपला वैरी नाही. तोही आपल्याच रांगेत उभा आहे, फक्त त्याच्या रानात ठिबक आहे.

युरोपात ऑस्ट्रियाच्या दुसऱ्या जोसेफ सम्राटाने 1784 साली फर्मान काढले, की ज्याने पिकवले त्याने आपल्या घरी आपली वाइन विकावी. शेतकरी दारावर हिरवी फांदी टांगतो, की समजायचे आज इथे मिळते. ही रीत तिथे आजही चालते. राजा होता तो, लोकांनी निवडून दिलेला नव्हे!

मायबहिणींची शंका रास्त आहे. दारूने घरे बसली, हे त्यांना कोणी शिकवायला नको. आडव्या बाटलीचा त्यांचा हक्क राहिलाच पाहिजे, आणि मळ्यातल्या पेल्यालाही गावाचे मत लागू असावे. पण शेतकऱ्याच्या नावाने सरकार काय करते तेही बघा. 2007 साली ज्वारी-बाजरीपासून मद्यार्क काढण्याच्या कारखान्यांना अनुदानाचे धोरण आणले. नाव ज्वारीवाल्याचे, अनुदान कारखानदाराला. 27 जानेवारी 2022 ला मंत्रिमंडळाने ठरवले, की 1000 चौरस फुटांच्या सुपर मार्केटमध्ये वाइन विकू द्यावी, शेतकऱ्याच्या भल्यासाठी. विरोध झाला आणि निर्णय बारगळला. त्यातही फळी दुकानदाराची होती, बांध कुठेच नव्हता.

आपली मागणी एका ओळीची आहे. आपल्या रानात पिकलेला माल आपल्याच रानात भाजून, दळून, गाळून पाहुण्याला चाखवायला आणि विकायला बिनशेती परवानगी लागू नये. तहसिलीत एक कळवणे पुरे, पोहोच जागेवर. हुरडा असो, उसाचा रस असो, करडईचे घाण्याचे तेल असो. दारूपुरते गावाने ठरवावे.

जिल्हा बैठकीला येताना ज्यांना अशा छपरासाठी नोटीस आली असेल त्यांनी तिची प्रत आणि सातबारा बरोबर आणावा. गंगापूर, वैजापूर, कन्नड, पैठण, सिल्लोड, सर्व तालुक्यांचे कागद एकत्र करून जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवायचे आहेत. आणि येताना थोडी वाळलेली कणसे आणा. हुरडा चाखवता आला नाही, तर निदान दाखवू तरी.